किझायाच्या हद्दीचा ओक

१

झाड पाडलं होतं, आणि पाडणाऱ्याने ते अगदी व्यवस्थित पाडलं होतं. मला पहिला राग आला तो त्या व्यवस्थितपणाचा.

रविवारी दुपारी आम्ही स्मरणसभेहून परतत होतो. वर्षातून एकदा आमच्या डोंगरातली सगळी माणसं चर्चच्या आवारात जमतात, गेलेल्यांची नावं घेतात, रडतात, आणि मग लांबच लांब टेबलांवर मांडलेलं जेवण पोटाला तडस लागेपर्यंत जेवतात. त्या दिवशी घरी कुणी नसतं, हे जिल्ह्यातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे.

ट्रक गार्नेटदादा चालवत होता. मध्ये त्याची आई, म्हणजे माझी ऑर्लेना आत्या, आणि खिडकीशी मी. खोऱ्याच्या तोंडाशी, ओढ्याच्या वळणावर ट्रक थांबला. रस्ताभर ओकच्या हिरव्या फांद्या पसरल्या होत्या.

"अरे देवा," दादा म्हणाला.

मी उतरून आत्याला वाट दिली. ती खाली उतरली, सभेची चांगली चप्पल काढून हातात घेतली आणि भुशातून चालत बुंध्यापाशी गेली. वाकून तिने कापावर तळहात ठेवला. लाकूड ओलं होतं.

"मंगळवारी लोमन येणार होता," ती म्हणाली. एवढंच.

लोमन रॅट्लिफ म्हणजे मोजणीदार. कोर्टाच्या हुकमाने तो मंगळवारी याच झाडातून ठोकळा काढणार होता. आमच्याकडे हद्दीचे वाद असेच सुटतात. जुने मोजणीदार हद्दीच्या झाडावर कुऱ्हाडीचे तीन घाव घालायचे. झाड त्या जखमेवर दरवर्षी लाकडाचं एक वलय चढवतं. काही वर्षांत घाव आत गाडला जातो, पण मिटत नाही. त्या जागेचा ठोकळा काढायचा, चिरायचा, आणि घावापासून सालीपर्यंतची वलयं मोजायची. घाव कोणत्या वर्षी बसला ते झाडच सांगतं. कागदाचा इथे उपयोग नाही, कारण जिल्ह्याची कचेरी अमेरिकेच्या यादवी युद्धात सगळ्या खरेदीखतांसकट जळाली.

आणि या घावाच्या वयावर आत्याचं घर टांगलेलं होतं.

आमचा मूळपुरुष जेप्था क्रीच. तो खिंड ओलांडून एक खेचर, एक बायको आणि एक बंदूक घेऊन इथे आला. ज्या आदिवासींची ही शिकारीची रानं होती त्यांना त्याने विचारलं नव्हतं, पण ते राहू द्या. त्याच्या मुलांकडे ओढ्याकाठची सपाट जमीन गेली आणि मुलीकडे, किझायाकडे, हे खोरं. आम्ही किझायाचे. आमच्यात असं सांगतात की जेप्थाने स्वतः, हयातीत, मुलीला शेजारी उभं करून या ओकवर घाव घातले आणि म्हणाला, इथून वर तुझं.

मुलांचे वंशज वेगळं सांगतात. जेप्था १८२९ साली मेला. त्यानंतर त्याच्या मुलांनी गरीब बहिणीच्या पोरांना दयेपोटी राहायला जागा दिली आणि हद्द दिसावी म्हणून झाडावर खूण केली. म्हणजे खोरं दानाचं. दान परत घेता येतं. आणि १९८७ साली त्यांना ते परत हवं होतं.

"संपलं, आई," दादा म्हणाला. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आता काय दाखवणार कोर्टाला? चल माझ्याबरोबर ओहायोला. खोली तयार आहे तुझी."

आत्याने त्याचा हात झटकला नाही. ती फक्त तिथून बाजूला झाली.

मी खोडाच्या कडेने चालत गेले. खोडाचा खालचा जाड भाग, बुंधा, तिथेच पडला होता, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. तो ओलांडून बरीच वर, जिथे झाड उभं असताना घराचं छप्पर आलं असतं, तिथे खोडाला भगदाड होतं. हातभर लांबीचा पूर्ण तुकडा कापून कुणीतरी नेला होता.

२

मी कपडेही न बदलता प्रेन्टिस क्रीचच्या घरी गेले.

प्रेन्टिस म्हणजे जेप्था क्रीच वंशज मंडळाचा अध्यक्ष, वकील, आणि सोनेरी अक्षरांच्या त्या जाडजूड कुळवृत्तान्ताचा लेखक. त्यात जेप्थाच्या खेचरावर दीड पान आहे. किझायावर एक वाक्य आहे: 'कन्या किझाया ही भावांच्या औदार्याने खोऱ्यात राहिली.' तिची अकरा बाळंतपणं, नवऱ्यामागे एकटीने उभं केलेलं घर, डोंगराच्या धारेपर्यंत मोकळं केलेलं रान, कशाचा उल्लेख नाही. खेचराला नाव आहे, किझायाच्या एकाही मुलीला नाही.

तो व्हरांड्यात मंडळाच्या दोन म्हाताऱ्या बायकांना खोऱ्याचा नकाशा दाखवत होता. आत्याच्या घराच्या जागी 'आद्य वसाहतकार ग्राम' असं लिहिलं होतं. लाकडी खोल्या, पर्यटक, डोक्याला टोपड्या बांधलेल्या पोरी, आणि तिकीट.

"ये ये, डेल्फिया. लिंबूपाणी घेणार?"

"झाड कुणाकडून तोडून घेतलंत?"

म्हाताऱ्यांचे पेले हवेतच राहिले. प्रेन्टिसचा चेहरा आधी कोरा झाला, मग पांढरा. मला तेव्हा ते नाटक वाटलं.

"कुठलं झाड?"

"किती झाडांवर दावा लावलाय तुम्ही?"

"हे बघ बाळ, सकाळपासून मी मंडळाच्या भोजनात होतो. या दोघीही होत्या. शंभर माणसं होती."

"अध्यक्ष स्वतः करवत धरत नाहीत. अध्यक्ष माणसं धरतात."

"तुला विद्यापीठात हेच शिकवलं का? आधी निष्कर्ष आणि मग पुरावा?"

ते वाक्य मला झोंबलं, कारण ते बरोबर होतं आणि चुकीच्या माणसाच्या तोंडी होतं.

"ओक कुणाला हवा होता ते विचार," तो उठत म्हणाला. "ड्यूई स्टॅलार्ड किती वर्षं तुझ्या आत्याच्या मागे लागलाय? व्हिस्कीच्या पिंपांना पांढराच ओक लागतो. शेरीफला मीच कळवतो."

त्याने कळवलं. मी खोऱ्यात परत पोचण्याआधी ड्यूईला त्याच्या सॉ मिलमधून उचललं होतं.

३

ड्यूई स्टॅलार्ड आमचा शेजारी. माझे वडील गेले तेव्हा त्यांची शवपेटी त्यानेच केली, आणि तिचे पैसे विचारले तर शिव्या दिल्या. कोठडीच्या गजांमागे तो बाकावर बसला होता आणि रागाने लालबुंद झाला होता.

"डेल्फे, मला चोर म्हण. चालेल. पण गाढव म्हणू नको!"

"कोण म्हणालं गाढव?"

"सगळा जिल्हा म्हणतोय! शेरीफनं मला नेऊन दाखवलं ते झाड. बुंधा तिथेच पडलाय. अगं, बुंधा! गाठ नाही, फांदी नाही, सरळ रेषा. पिंपवाले त्यासाठी एकमेकांचे गळे धरतील. आणि मी म्हणे तो टाकून वरचा गाठाळ तुकडा पळवला. चूल पेटवायच्या लायकीचा!"

"मग तो कुणी का नेला असेल, ड्यूईकाका?"

"मला काय विचारतेस? शिकलीस तू." मग जरा शांत होऊन म्हणाला, "पाडणाऱ्याला पाडता येतं हे खरं. खाच बरोबर आहे, झाड पाहिजे त्या बाजूला पडलंय. पण लाकूड विकणारा नव्हे तो. लाकडाची किंमत ज्याला माहीत आहे त्याला तो बुंधा तसा सोडून जाताना रडू आलं असतं."

"तू सुटशील."

"कधी? हातोहात नवा चोर आणून दे, मग सुटेन. इथली कॉफी प्यायलीस का? गुन्हा कबूल करावासा वाटतो."

बाहेर पडताना मी शेरीफला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, गुरुवारी सुनावणी आहे, न्यायाधीशांना सांगा. मी त्याला विचारलं, प्रेन्टिसचा फोन आल्यावर इतकी घाई, आणि माझ्या वेळी गुरुवार? त्याने वर्तमानपत्र उघडलं.

घरी आले तेव्हा स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. आत्या घेवड्याचं पातेलं ढवळत होती आणि डोळे पुसत होती.

"रडतेस?"

"चूल रडवतेय," ती म्हणाली. "फुसफुस करते नुसती. जेव."

गार्नेटदादा दारात उभा राहून सामान बांधायच्या गोष्टी करत होता. हे पातेलं न्यायचं, ती कपाटं राहू दे, कोंबड्या ड्यूईच्या बायकोला. आत्या त्याच्या ताटात मक्याचा पाव वाढत राहिली.

४

मंगळवारी लोमन रॅट्लिफ ठरल्याप्रमाणे आला. झाड पडलं म्हणून हुकूम पडत नाही, असं त्याचं म्हणणं. सत्तरी ओलांडलेला, दोन्ही पक्षांना सारखाच तिरसट.

"कोर्टाला काय सांगणार, लोमनकाका? खूण तर नेली."

"कुणी नेली?" तो म्हणाला, आणि बुंध्याच्या कापापासून फुटपट्टी धरत थोडं पुढे गेला. पडलेल्या खोडाच्या कडेला, झाड उभं असताना जी जागा माणसाच्या छातीच्या उंचीवर आली असती तिथे, त्याने साल बोटांनी घासली. तिथे एक पुसट आडवा चट्टा होता, मिटलेल्या ओठांसारखा. "ही काय."

मी गुडघ्यावर बसले. अर्थात. अर्थात! उभ्या माणसाने कुऱ्हाड चालवली तर घाव छातीच्या उंचीवर बसतो. आणि झाड शेंड्याने वाढतं. बुंधा जाड होतो, वर सरकत नाही. दोनशे वर्षांपूर्वी ठोकलेला खिळा आजही तेवढ्याच उंचीवर असतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, आणि दोन दिवस त्या भगदाडाकडे बघून एकदाही आठवलं नव्हतं. डोक्यात प्रेन्टिस भरला होता.

"म्हणजे नेलेला तुकडा—"

"कसलीतरी जुनी गाठ असेल. वीज, फांदी, काहीही. घाव इथे आहे. सुखरूप."

आत्याचं घर अजून वाचू शकत होतं. मला ओरडावंसं वाटलं. पण ड्यूई आत होता, आणि लोमन त्याच्या विचारात होता.

"एक गोष्ट खटकते," तो म्हणाला. "मला हा घाव नाहीसा करायचा असता तर मी झाड पाडलंच नसतं. उभ्या झाडात करवतीचं टोक घालून चौकोन काढला असता. चहा उकळेस्तोवर काम झालं असतं."

"ज्याला वर पोचायचं होतं त्यानेच पाडलं."

"हं."

"प्रेन्टिसला ही जागा माहीत आहे?"

लोमन हसला. "गेल्या हिवाळ्यात मी पाहणी केली तेव्हा तो आला होता, चकचकीत बूट घालून. विश्वास बसेना त्याचा. शेवटी मी त्याचा तळहात धरून या चट्ट्यावर दाबला. दोन्ही पक्षांना बोलावलं होतं मी. तुझी आत्या नाही आली. निरोप पाठवला, माझं झाड मला कुणी दाखवायला नको."

म्हणजे प्रेन्टिस नाही. माझ्या रागाला दोन दिवस जो चेहरा होता तो गळून पडला. त्याला जागा माहीत होती. लोमनला माहीत होती. ड्यूई आयुष्यभर लाकूड चिरत आला होता. खूण वर चढत नाही हे त्याच्या मिलमधल्या पोऱ्यालाही कळतं. राहिला असा एकच माणूस, ज्याला झाड पाडता येतं, खूण नाहीशी करायची आहे, आणि जो मनापासून मानतो की ती खूण दोनशे वर्षांत झाडाबरोबर वर चढून छपराच्या उंचीवर गेली.

असं मानणारी माणसं मला माहीत होती. मीही त्यांतलीच एक होते, वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षापर्यंत.

५

लहानपणी आत्या आम्हाला त्या झाडाखाली उभं करायची आणि वर बोट दाखवायची. 'जेप्थाबाबांची खूण दर पिढीला हातभर वर चढते. किझायाचं खोरं देवाच्या तेवढंच जवळ जातं.' मुलांच्या वंशजांकडे ही गोष्ट नाही. त्यांच्या पुस्तकात ती नाही. ती फक्त आमच्या घरात सांगितली जायची. ऐकणारे तिघे: माझे वडील, जे आता नाहीत, मी, आणि गार्नेट, जो अठराव्या वर्षी ओहायोच्या मोटार कारखान्यात गेला, त्याआधी याच खोऱ्यात लाकडं तोडत होता, आणि सभेच्या सकाळी आम्हाला चर्चमध्ये सोडून 'खुर्च्या आणतो' म्हणून गेला होता.

मी सरपणाच्या खोपटाकडे धावले. लाकूड लपवायला लाकडांच्या ढिगाएवढी चांगली जागा नाही. पुढच्या ओळीत गेल्या वर्षीचं वाळकं हिकरीचं सरपण. मागे, भिंतीला लागून, ताज्या फोडलेल्या ओलसर ढलप्या. फुसफुस करणारी चूल!

निम्म्याअधिक जळल्या असाव्यात. उरलेल्या मी अंगणात मांडल्या, साल बाहेर, गाभा आत, तुटलेल्या नकाशासारख्या. मग एक ढलपी घेऊन ओढ्यावर गेले आणि खोडाच्या उघड्या तोंडाला लावून पाहिली. रुंद वलयं, मग दुष्काळातली दाटीवाटी, मग पुन्हा रुंद. रेषेला रेष जुळली. जुळल्याचा आनंद झाला नाही.

परत आले तर दादा अंगणात उभा होता. त्याने मांडलेल्या ढलप्या पाहिल्या होत्या.

"खुर्च्या आणल्यास?" मी विचारलं.

"डेल्फी, ऐक—"

"ड्यूई कोठडीत आहे! ड्यूई! माझ्या बापाची पेटी केली त्यानं."

"त्याला सोडतील. पुरावा काय आहे?"

"प्रेन्टिसनं काय दिलं तुला?"

तो एकदम अंगावर आला. "थुंकतो मी प्रेन्टिसवर! त्याचं नाव घेऊ नकोस. तुला काय वाटतं, मला हे खोरं त्याला द्यायचंय? मला ते कुणालाच नकोय! या ओढ्याला पूर आला तेव्हा बाबा त्या खोलीत छाती धरून पडले होते आणि अँब्युलन्स वळणावर उभी होती. मी कारखान्यात होतो. फोनवर ऐकलं मी ते. आता तिचीही छाती दुखते, तुला सांगते का ती? मला सांगत नाही. दहा वर्षं म्हणतोय, चल. दहा वर्षं म्हणते, जमीन आहे तोवर मी आहे. मग म्हटलं, ठीक आहे. जमीनच नको."

उत्तर माझ्यामागून आलं.

"म्हणून माझं नाक कापून मला वाचवणार होतास."

आत्या दारात उभी होती, हातात पोकर, चूल ढोसायची सळई.

"आई, तुला—"

"कळलं? रविवारी संध्याकाळीच. पन्नास वर्षं ती चूल पेटवतेय मी. ओला ओक आणि वाळकं हिकरी कळत नाही मला? वाट बघत होते तू कधी तोंड उघडतोस त्याची. तीन दिवस तुझ्या ताटात वाढलं. तीन दिवस तू माझी भांडी मोजलीस."

"मी तुझ्यासाठीच केलं."

"माझ्यासाठी करायचं होतं तर पूल बांधायचा होतास!" पोकर चौकटीवर आपटला. "आणि खूण वर चढते म्हणे! अरे मूर्खा, ती पोरांना सांगायची गोष्ट होती. झाडात रुतलेली कुंपणाची तार कधी वर चढलेली पाहिलीस? पाहिली असतीस, इथे राहिला असतास तर."

दादा खाली बसला. अंगणातच, ढलप्यांमध्ये.

मी म्हणाले, "आत्या, परवा सुनावणी आहे. ड्यूईचं नाव निघालं तर कुणीतरी बोलायला हवं. तू नाही बोललीस तर मी बोलेन."

"तुला कुणी विचारलंय?" ती माझ्यावर तितक्याच जोरात ओरडली. "माझा मुलगा आहे. मी बघेन."

६

गुरुवारी लोमनने ठोकळा न्यायाधीशांच्या समोर ठेवला, पाचर लावली आणि घणाचा एक ठोका दिला. ठोकळा चट्ट्याच्या रेषेत उघडला.

आत तीन घाव होते. काळे, तिरपे, एकाखाली एक, जणू काल घातलेले. बाहेरच्या फाळक्यावर त्यांचेच तीन उंचवटे, साच्यातून काढल्यासारखे. सगळं कोर्ट उठून उभं राहिलं. मला फक्त आत्या दिसत होती. तिने ते घाव जन्मात पाहिले नव्हते. कुणीच पाहिले नव्हते, किझायानंतर.

लोमनने वलयं मोजली. मग मी मोजली, टाचण्या लावत, दुसऱ्या बाजूने. प्रेन्टिसच्या वकिलाने हरकत घेतली की मी नात्यातली आहे. न्यायाधीश म्हणाले, या खोलीत नात्यातला नाही असा कोण आहे? आकडा एकच आला. घाव १८१६ सालचा. जेप्था तेव्हा जिवंत होता, आणि पुढे तेरा वर्षं जगला.

निकाल थोडक्यात होता. वाटणी बापाने स्वतः केली. खोरं किझायाचं, म्हणून ऑर्लेनाचं. हद्दीच्या आत उभा होता तो ओकही.

प्रेन्टिस उठला. हरलेला माणूस उदार दिसायचा प्रयत्न करतो तेव्हा फार किळसवाणा दिसतो. "मंडळाला निकाल मान्य आहे. पण आमच्या पूर्वजाचं पवित्र झाड तोडणाऱ्या या चोराला," त्याने ड्यूईकडे बोट केलं, "जरब बसेल अशी शिक्षा व्हावी."

"पवित्र!" ड्यूई ओरडला. "तिथे तू तिकीटघर बांधणार होतास!"

हातोडा आपटला. आणि आत्या उभी राहिली.

"साहेब, झाड कुणाचं म्हणालात?"

"तुमचं, बाई."

"मग चोरी माझी झाली. माझी तक्रार नाही. ड्यूईने तोडलेलं नाही. ज्यानं तोडलं त्याला मी ओळखते, आणि त्याच्याविरुद्ध मी या कोर्टात काही सांगणार नाही."

"पण बाई, मोजणी होईपर्यंत झाडाला हात लावू नये हा हुकूम माझा होता."

मी आत्याकडे पाहिलं, ती समोर पाहत होती. मागून बाक करकरला.

"मी तोडलं," गार्नेटदादा म्हणाला. "करवत माझी. ड्यूईकाका, माफ करा."

न्यायाधीशांनी शिक्षा दिली ती अशी: ड्यूई ज्या कोठडीत जितक्या रात्री राहिला, त्याच कोठडीत गार्नेटने तितक्या काढाव्यात.

ड्यूई त्याच्या शेजारून जाताना थांबला. मला वाटलं मारणार. तो म्हणाला, "कॉफी पिऊ नको."

७

गार्नेट सुटला त्या दिवशी आत्याने मला त्याच्याकडे निरोप देऊन पाठवलं. तो मी शब्द न बदलता दिला. तुरुंगाच्या पायऱ्यांवर.

"आत्या म्हणते, कोर्टानं तुला सोडलं. मी नाही. जमीन आता माझी आहे हे कोर्टाच्या शिक्क्यानिशी ठरलंय. माझ्या जमिनीवर पाऊल टाकायचं असेल तर फाटकाबाहेर उभं राहून हाक मारायची."

त्याचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली. आमच्या डोंगरात फाटकाबाहेरून हाक परका मारतो. फेरीवाला, करवसुलीवाला, वाट चुकलेला. घरचा माणूस हाक मारत नाही. तो आत येतो आणि पातेल्यावरचं झाकण उचलून बघतो.

तो ओहायोला गेला नाही. ड्यूईच्या मिलमध्ये राहिला, ड्यूईनेच ठेवून घेतला म्हणे, शिव्या द्यायला माणूस हवा म्हणून. दिवसा लाकूड ओढायचा. आणि दोघे मिळून ओढ्याच्या वळणावर काहीतरी मोजत असायचे, काठाला खुंट्या ठोकत. आत्या तिकडे बघायची नाही. मात्र कोंबड्यांना दाणे टाकायला ती आता अंगणाच्या त्या टोकाला जायची, जिथून वळण दिसतं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी घेवड्याच्या शेंगा मोडत बसलो होतो. फाटकाबाहेरून आवाज आला.

"घरात कुणी आहे का?"

आत्याने एक शेंग मोडली. मग दुसरी.

"हॅलो! घरात कुणी आहे का?" या वेळी आवाज चिरकला.

मी उठायला लागले. तिने माझं मनगट पकडलं. पकड चांगली घट्ट होती. छाती दुखणाऱ्या बाईची वाटत नव्हती.

"आत्या, आलाय तो. हाक मारतोय."

"ऐकू येतंय मला," ती म्हणाली. "जरा ओरडू दे अजून."